वाट तुमची, पाय दोघांचे

फरशीवाल्याला या उपचारातून काय मिळणार होतं ते आधी बघू, कारण त्याने स्वतः ते पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. मॅडमनी कोर्टाला सांगितलं की माणूस आता बरा आहे, तर मुलगी त्याला दर रविवारी मोकळी भेटणार होती. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसणाऱ्या सरकारी बाईशिवाय. हा झाला उघड फायदा. दुसरा त्याने कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. त्याने जबडा मोडल्यावर बायको मुलीला घेऊन निघून गेली होती आणि कोर्टाने तिचा पत्ता झाकून ठेवला होता. त्याला तो पत्ता हवा होता. पत्ता मिळाल्यावर काय करायचं याबद्दल त्याच्या मनात अजिबात गोंधळ नव्हता. गोंधळ असलेल्या माणसाला मॅडम बरं करू शकल्या असत्या.

मॅडमचाही फायदा होता. त्या मनाचे उपचार करत. त्यांची खोली एका दातांच्या दवाखान्याच्या वर होती आणि खालच्या ड्रिलच्या आवाजात लोक आपलं बालपण सांगायला तयार होत नसत. मग त्यांनी माणसांना बाहेर काढलं. समोरासमोर बसलं की चौकशी वाटते, शेजारून चाललं की गप्पा वाटतात, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरंही होतं. वर्षानुवर्षं गप्प असलेली माणसं दुसऱ्या वळणावर रडायला लागत. बरोबरीचे डॉक्टर कौतुक करत, पण हसून म्हणत, “उदास बायकांना फिरवणं सोपं आहे हो.” मॅडमना एक खरा मारकुटा माणूस बरा करून दाखवायचा होता. तो चालत आला.

पहिल्यांदा तो खोलीत बसला तेव्हा तासभर बुटाच्या टाचेने खालची टाइल ठोकत राहिला.

“ही पोकळ आहे,” तो म्हणाला. “खाली माल भरलाच नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले असणार.”

एवढंच बोलला. पुढच्या वेळी मॅडमनी पायात चालायचे बूट घातले आणि त्याला जिन्याखाली नेलं. तिथे त्यांनी आपले नियम सांगितले. वळायचं कुठे, थांबायचं कुठे, हे आलेल्या माणसाने ठरवायचं. त्या अर्धं पाऊल मागून चालणार. ओढणार नाहीत, वळवणार नाहीत, हात लावणार नाहीत.

“वाट तुमची, पाय दोघांचे,” त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांचं आवडतं होतं.

“कुठंही?” फरशीवाल्याने विचारलं.

“कुठंही.”

त्याने मान खाली घातली. मॅडमना वाटलं, माणूस भारावला.

रस्त्यावर तो बोलायला लागला. फुटपाथवर नजर ठेवून चालायचा आणि मधेच कुणी बसवलेल्या फरशीला शिवी घालायचा. अशाच दोन शिव्यांच्या मधे त्याने जबड्याची गोष्ट सांगितली.

“म्हणजे मी मारलं असं नाही मॅडम. हात गेला.”

“कुठून गेला?”

“खांद्यातून.”

मॅडम गप्प राहिल्या. गप्प राहणं हे त्यांच्या कामातलं निम्मं काम.

“जेवत होतो. ती बोलत होती. मी म्हटलं, गप. ती म्हणाली, का? आता ‘का’ला काय उत्तर असतं, सांगा तुम्ही. आवाज कसा झाला माहितीय? टाइल कापताना चुकीच्या जागी तडकते ना, तसा. मला आधी वाटलं ताट फुटलं.”

“आणि गोटी?”

गोटी म्हणजे त्याची मुलगी. लहानपणी गोल होती म्हणून गोटी, आता काडीसारखी होती तरी गोटीच.

“ती जेवत होती,” तो म्हणाला. “मी तिला म्हटलं, जेव. जेवली. गुणी आहे.”

मॅडमना त्या रात्री झोप लागायला वेळ लागला. पण माणूस बोलतोय, हे त्यांच्या हिशेबात मोठं होतं. जो सांगतो तो बदलतो, असं त्या धरून चालत. सांगणाऱ्याला ती गोष्ट सांगायला आवडत असेल, ही शक्यता त्यांनी कुठल्याच रकान्यात मांडली नव्हती.

मग तो सायकलवाला आला. पार्सलं पोचवणारा, घाईतला. अरुंद जागेतून जाताना त्याचं हँडल मॅडमच्या कोपराला घासलं. मॅडम “अगं बाई” म्हणेपर्यंत सायकल आडवी झाली होती, पार्सलं गटारात गेली होती आणि सायकलवाला एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून चवड्यांवर उभा होता, कारण फरशीवाल्याचा पंजा त्याच्या गळ्याखाली होता आणि पंजा वर वर चालला होता.

“श्वास,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी शिकवलं होतं तसंच, शांत आवाजात. “आत घ्या. धरा. सोडा.”

फरशीवाल्याने आत घेतला, धरला, सोडला. पुन्हा घेतला. अगदी शिकवल्याप्रमाणे श्वास चालू होता त्याचा. ज्याला त्याची खरी गरज होती त्याला मात्र तो मिळत नव्हता. त्याचे ओठ निळे पडले होते आणि टाचा शटरवर थडथड वाजत होत्या. बऱ्याच वेळाने पंजा सुटला. सायकलवाला खाली बसला आणि मांडीवर ओकला. मॅडमनी त्याला पाणी दिलं, माफी मागितली, पार्सलं गोळा करून दिली.

“आज तुम्ही स्वतःहून थांबलात,” पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता.

“तुमच्यामुळे मॅडम.”

दोघांनाही हवं ते मिळालं. मॅडमना प्रगती दिसली. फरशीवाल्याला कळलं की बाईसमोर काय काय चालतं.

रविवारच्या भेटीत, त्या सरकारी बाईच्या देखत, गोटी बापाशी फारसं बोलत नसे. पण मुलं काहीतरी बोलतातच. ती एकदा म्हणाली, “आमच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. तिच्या शिडीवर कावळे बसतात.” सरकारी बाई तेव्हा चहात साखर ढवळत होती.

पुढच्या चालण्यात फरशीवाला कालव्याच्या बाजूला वळला. पलीकडे, घरांच्या डोक्यावर, एक जुनी लोखंडी टाकी उभी होती.

“ही टाकी बघितली की मला बाबा आठवतात,” तो म्हणाला. “टाक्या रंगवायचे. मला खाली उभं करायचे. रंग सांडला की वरूनच डबा फेकून मारायचे.”

बाप आयुष्यभर बेकरीत होता. पण मॅडमना हे कुठून माहीत असणार? त्यांना एकदम सगळं जुळल्यासारखं झालं. माणूस आपल्या दुखऱ्या जागेकडे स्वतः निघाला होता, न ओढता, न वळवता. त्यांची सगळी पद्धत या एका टाकीने खरी ठरणार होती.

“जायचं का जवळ?” त्यांनी हळूच विचारलं.

“आज नको,” फरशीवाला म्हणाला. “आज इथपर्यंतच.” आणि डोळे पुसले. हा माणूस नाटकात न जाता फरशा बसवत होता, हे फरशीच्या धंद्याचं नशीब.

मग दर खेपेला ते टाकीच्या थोडं थोडं जवळ गेले. तिच्याकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडावर त्याच्या मेव्हण्याचं, बायकोच्या थोरल्या भावाचं, टायरचं दुकान होतं. ते फरशीवाल्याला आधीपासून माहीत होतं. एकटा तिथे फिरकला असता तर दुकानातल्या पोरांनी आधी मारलं असतं, मग नाव विचारलं असतं. आज शेजारी मॅडम होत्या.

टायरवाला ट्रकच्या चाकाशी बसला होता. वर बघितलं आणि उठला तो हातात टॉमी घेऊनच. टायर उचकटायची ती हातभर लोखंडी पट्टी. काही बोलला नाही, सरळ चालत आला.

“काय मेव्हणे,” फरशीवाला म्हणाला, “बरे आहात ना?”

टॉमी वर गेली. मॅडम मधे शिरल्या. उपचार सुरू करण्याआधी त्यांनी दोन्हीकडच्या लोकांना बोलावलं होतं, तेव्हा टायरवाल्याने निघताना त्यांना नमस्कार केला होता आणि ‘तुमच्यासारखी माणसं हवीत’ असं म्हणाला होता. म्हणून तो थांबला.

“हे माझ्याबरोबर आहेत,” मॅडम म्हणाल्या. “उपचाराचा भाग आहे.”

“इकडं कशाला आणता मॅडम ह्याला?”

“मी आणत नाही. ते येतात.”

“तेच म्हणतोय मी.”

“तुम्ही असं अडवलंत तर आतापर्यंतचं सगळं वाया जाईल. मी शेजारी असेपर्यंत काही होणार नाही, ही माझी जबाबदारी. त्यांना जाऊ द्या. पोरांनाही सांगा. तुम्ही बसा.”

टायरवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याची बहीण त्याच गल्लीच्या आत, टाकीच्या पायथ्याशी, वरच्या मजल्यावर राहत होती. हे मॅडमना सांगितलं की शेजारी उभ्या असलेल्यालाही सांगितल्यासारखं. तो उभा राहिला, टॉमी खाली केली आणि चाकाशी जाऊन बसला. फरशीवाल्याने जाता जाता मान लववली. मॅडमना वाटलं, केवढं मोठं काम झालं आज.

संध्याकाळी टायरवाल्याने त्यांना फोन केला.

“मॅडम, त्या बाजूला नका येऊ.”

“का?”

पत्ता कुणालाही सांगायचा नाही, असं कोर्टाने बजावलं होतं. आणि जी बाई फरशीवाल्याच्या शेजारून चालते तिला तर नाहीच.

“असंच,” तो म्हणाला.

“तुमचा राग मी समजू शकते,” मॅडम म्हणाल्या. “पण राग तुमचा आहे. त्याच्यावरही बोलता येईल आपल्याला. चालायला या एकदा.”

टायरवाल्याने फोन ठेवला. बहिणीला त्याने एवढंच सांगितलं की खिडकी उघडू नको, बाल्कनीत येऊ नको. मॅडमनी जबाबदारी घेतली आहे. बहीण शिवणकाम करायची. बंद खिडकीत दिवसाही दिवा लावून बसू लागली.

मॅडमची थोरली बहीण एका शाळेत गणित शिकवायची. जेवताना तिने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तू त्याला फिरवतेस, की तो तुला?”

“ताई, तुला कळत नाही यातलं.”

“नसेल. पण माझ्या वर्गात जो मुलगा रोज त्याच खिडकीजवळची जागा मागतो ना, त्याला मी आधी विचारते, खिडकीबाहेर काय आहे.”

“बाहेर त्याचे बाबा आहेत,” मॅडम म्हणाल्या आणि टाकीची गोष्ट सांगितली. ताईने भाजी वाढून घेतली आणि विषय सोडला. तिलाही शेवटी उत्तर जुळलं की बरं वाटतं.

तो दिवस उन्हाचा होता. फरशीवाला त्या दिवशी कुठल्याच फरशीला शिवी देत नव्हता. वर बघत चालला होता. टायरच्या दुकानावरून गेले तेव्हा टायरवाल्याने बघितलं आणि मान खाली घातली. गल्लीत शिरले. टाकीच्या पायथ्याशी एक दुमजली घर, बाहेरून चढणारा जिना आणि वर दोरीवर वाळत घातलेले कपडे. फरशीवाला थांबला.

दोरीवर एक लहान फ्रॉक होता. निळ्या चौकटींचा. त्याचाच कामाचा शर्ट कापून शिवलेला; कॉलरची पट्टी उलटून गळ्याला लावली होती.

“माझा शर्ट कापला तिने,” तो म्हणाला.

मॅडमनी फ्रॉककडे पाहिलं, मग वर बंद खिडकीकडे, मग टाकीकडे. शिडीवर कावळे होते. टाकी, बाबा, रंगाचा डबा, हे सगळं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं आणि मागे एक रिकामं, अगदी स्वच्छ काहीतरी उरलं.

“मागे फिरायचं,” त्या म्हणाल्या. “आत्ता. चला.”

“वाट माझी ना मॅडम?”

त्यांनी त्याची बाही धरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चालणाऱ्या माणसाला हात लावला. फरशीवाल्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्याने त्यांचे केस मुठीत धरले आणि डोकं जिन्याच्या लोखंडी कठड्यावर आपटलं. टाइल बसली की नाही हे बघायला हातोडा मारतात तसं, एकदा, मग खात्रीसाठी पुन्हा. कानातून गरम काहीतरी मानेवर आलं. त्या पायरीवर घसरल्या. तो त्यांना ओलांडून वर गेला.

दारावर त्याने हाक मारली नाही. लाथ मारली. आत बायकोने शिलाईचं मशीन, टेबलासकट, दाराला लावलं आणि पाठ टेकून उभी राहिली. गोटी टेबलाखाली होती. कडीचा खिळा निघाला, दार हातभर उघडलं आणि त्या फटीतून फरशीवाल्याचा हात आत आला, अंदाजाने फिरला आणि बायकोचे केस सापडल्यावर थांबला. मग ओढायला लागला. तिचं डोकं दाराच्या कडेवर आपटत होतं. तिचा जुना मोडका जबडा तिने घट्ट मिटला होता आणि ती ओरडत नव्हती, कारण टेबलाखाली गोटी होती. तिच्या हातात कात्री होती. ती तिने त्या हातात खुपसली, पार मुठीपर्यंत. तरी हात सुटला नाही.

खाली मॅडम ओरडल्या. आपण एवढ्या मोठ्याने ओरडू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं.

टायरवाला धावत आला. जिन्यावर मॅडमचं रक्त पाहिलं, वर दार पाहिलं. टॉमीचा पहिला घाव फरशीवाल्याच्या गुडघ्यामागे बसला आणि तो दुमडला. दुसरा कात्री रुतलेल्या हातावर. बोटं एकेक करून उघडली. इथे थांबता आलं असतं. टायरवाला थांबला नाही. तोंडावर, खांद्यावर, पुन्हा त्याच गुडघ्यावर, आतून हाड बाहेर येईपर्यंत, आणि फरशीवाला हलायचा थांबला तरी. मारताना तो काहीतरी पुटपुटत होता. जवळ आलेल्या पोरांनी ऐकलं: “मी बसलो होतो. मी बसलो होतो ना.”

गोटी टेबलाखालून निघून फटीपाशी आली होती. आईचे डोळे रक्ताने मिटले होते, त्यामुळे तिला कुणी बाजूला घेतलं नाही.

फरशीवाला मेला नाही. अशी माणसं सहसा मरत नाहीत. त्याच्या वकिलाने कोर्टात साधी गोष्ट मांडली. माझा अशील उपचारासाठी चालत होता, सोबत उपचार करणाऱ्या बाई होत्या. चुकला, मान्य, हात उचलला, मान्य, त्याची शिक्षा द्या. पण हा टायरवाला? हा माझ्या अशिलाला कितीतरी वेळा तिथून जाताना बघत होता. एकदा अडवलं नाही, पोलिसांना सांगितलं नाही. वाट बघत बसला. तो गल्लीत शिरण्याचीच वाट बघत होता. हा सापळा होता.

मॅडमना साक्षीला बोलावलं. एका कानावर पट्टी होती. प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारावे लागत.

“आरोपी टायरवाल्याने पूर्वी कधी हल्ल्याचा प्रयत्न केला होता?”

“पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा ते टॉमी घेऊन उठले होते.”

“मग?”

“मग बसले.”

का बसले, हे कुणी विचारलं नाही. टायरवाल्याने सांगून पाहिलं होतं, पण आरोपीचं कोण ऐकतं. मॅडमच्या तोंडून एक वाक्य पुरलं असतं: मी बसवलं, माझ्या जबाबदारीवर. ते वाक्य बोलल्यावर त्यांना कुणी पुन्हा माणसांबरोबर चालू दिलं नसतं, बसूही दिलं नसतं. त्या खोटं काही बोलल्या नाहीत. नुसत्या गप्प राहिल्या. ते त्यांना चांगलं जमायचं. समोरच्या बाकावरून टायरवाला त्यांच्याकडे बघत होता, एखाद्या माणसाने आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघावी तसा. मग त्या खाली उतरल्या.

निकाल लागल्यावर बायको त्यांच्या खोलीवर आली. जबडा पुन्हा तारेने बांधलेला होता. दातांतून बोलत होती, म्हणून प्रत्येक शब्द हळू आणि स्वच्छ येत होता.

“दादा म्हणाला होता, मॅडमनी सांगितलंय, म्हणून मी गप्प बसतो. हे तुम्ही तिथं सांगितलंत का?”

“मला डोक्याला लागलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “त्या दिवसांतलं नीट आठवत नाही.”

“बरं.” बायको उठली नाही. “मग चला ना, चालत जाऊ. चालताना आठवतं म्हणे.”

मॅडमनी खाली बघितलं. खाली दवाखान्यात ड्रिल सुरू झालं. बायको ते थांबेपर्यंत बसली. मग टेबलावरचा काचेचा पेला उचलला, मॅडमच्या डोक्याच्या शेजारच्या भिंतीवर फोडला, तुकडे कुठे पडले ते पाहिलं आणि निघून गेली.

आता कुणी किती दिलं ते मांडू. फरशीवाल्याने एक गुडघा आणि उजव्या हाताची बोटं दिली. ज्याचं काम गुडघ्यावर बसून बोटांनी चालतं त्याचं कामही त्यातच गेलं. तुरुंग त्याला थोडा मिळाला, कारण खाल्लेला मार त्याच्या बाजूने जमा धरला गेला. टायरवाल्याने तारुण्याची उरलेली सगळी वर्षं तुरुंगाला दिली. बायकोने भाऊ दिला, घर दिलं आणि मऊ भात सोडून सगळं जेवण दिलं. मॅडमनी एक कान दिला, काम राहिलं. त्या आता कुणाला चालायला नेत नाहीत, आणि लोक त्यांच्याबद्दल हळहळतात.

गोटीकडे देण्यासारखं कुणाला काही दिसलं नव्हतं. नवीन शाळेत बाई फळ्यावर लिहायला हात वर करतात तेव्हा ती बाकाखाली जाते. त्या बाई आता फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहितात.